दीपगृहाचे राखणदार आणि गावची दीपमाळ

भीमा आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या शिरूर व दौंड तालुक्यांतील ग्रामस्थांना समुद्रावरील दीपगृह पाहण्याचा योग क्वचितच येतो. देवळापुढील दीपमाळ मात्र त्यांच्या नित्य परिचयाची आहे. खलाशाला खडकापासून सावध करणारा दिवा आणि त्रिपुरी पौर्णिमेला गाव उजळणारा दिवा यांचे प्रयोजन निरनिराळे आहे. तरीही या दोन्ही वास्तूंपुढे आज एकच प्रश्न उभा आहे. ज्याच्या रोजच्या देखरेखीमुळे वास्तू टिकली, तो माणूस तेथून निघून गेल्यावर तिची जपणूक कोणी करावयाची? काही देशांत ऐतिहासिक दीपगृहांच्या बाबतीत या प्रश्नाचे एक साधे उत्तर सापडले आहे. पतिपत्नींनी ठरावीक मुदतीसाठी, स्वेच्छेने व विनावेतन तेथे राहावे आणि वास्तूची निगा राखावी, असे ते उत्तर होय. ही व्यवस्था कशी चालते आणि आपल्या गावातील जुन्या वास्तूंसाठी तिच्यापासून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दिवा राहिला, माणूस गेला

दीपगृहाच्या राखणदाराचे काम पूर्वी मोठ्या कष्टाचे असे. सूर्यास्ताला दिवा लावावयाचा, वातीची काजळी झाडावयाची आणि तेल पुरवावयाचे. भिंग फिरविणाऱ्या यंत्राचे वजन घड्याळाच्या किल्लीप्रमाणे ठरावीक वेळाने पुन्हा वर चढवावयाचे. फ्रान्समधील कोर्दुआँ येथील दीपगृहात १८२३ मध्ये फ्रेनेल या शास्त्रज्ञाने योजलेले काचेचे भिंग प्रथम बसविण्यात आले. त्यानंतर एका लहानशा ज्योतीचा प्रकाश अनेक मैल दूर पोहोचू लागला. या भिंगाची काळजीही तितकीच कसोशीने घ्यावी लागे. दिवसा त्याच्याभोवती पडदे ओढले नाहीत, तर सूर्याचे किरण एकवटून आग लागण्याचा धोका असे. म्हणजे दिवा विझल्यावरही राखणदाराचे काम संपत नसे.

आपल्या किनाऱ्यावरही या इतिहासाच्या खुणा आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्या खांदेरी बेटावर किल्ल्याचे बांधकाम सुरू केले, त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. मुंबईत कुलाब्याच्या टोकाजवळील प्राँग्ज खडकावरील दीपगृह १८७५ चे आहे. गोव्यातील आग्वाद किल्ल्यावरील जुने दीपगृह १८६४ चे असून ते १९७६ पर्यंत वापरात होते. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत खांदेरी आहे आणि पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड व राजगड हे किल्लेही आहेत.

विजेचे दिवे, स्वयंचलित यंत्रे आणि उपग्रहाच्या साहाय्याने दिशा ठरविण्याची साधने आली, तेव्हा दिव्याला माणसाची गरज उरली नाही. इमारतीची गरज मात्र तशीच राहिली. उलट माणूस निघून गेल्यावरच तिचे खरे हाल सुरू झाले. फुटलेली एक काच कोणी बदलली नाही, म्हणून पाणी आत शिरले. पाण्याने लाकडी जिना कुजला. जिना कुजल्यामुळे वर जाणे बंद झाले आणि मग छपराकडे कोणाचे लक्षच राहिले नाही. जुन्या इमारतींच्या नाशाची कहाणी बहुधा याच क्रमाने घडते. ती एखाद्या वादळाने क्वचितच पडते. लहानसहान दुर्लक्षांची बेरीज तिला पाडते.

परदेशातील दोन प्रयोग

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्याच्या दक्षिणेस माटसायकर नावाचे एक निर्जन बेट आहे. तेथील दीपगृह १८९१ मध्ये प्रज्वलित झाले. १९९६ मध्ये जुन्या दिव्याचे काम थांबले आणि त्याची जागा स्वयंचलित दिव्याने घेतली. आता राज्याच्या उद्यान व वन्यजीव सेवेमार्फत दोन-दोन स्वयंसेवकांना सहा-सहा महिन्यांसाठी तेथे पाठविले जाते. यांत पतिपत्नींचा भरणा मोठा असतो. हेलिकॉप्टरमधून जाताना मुदतीचा शिधा बरोबर न्यावा लागतो. तेथील कामे ऐकण्यास सामान्य वाटतील. गवत कापणे, पन्हळी स्वच्छ ठेवणे, बाहेरून आलेले तण काढणे, घरांची किरकोळ डागडुजी करणे आणि हवामानाच्या नोंदी नियमाने कळविणे ही ती कामे होत. परंतु झंझावाती वाऱ्याच्या त्या बेटावर शतकापूर्वीच्या इमारती उभ्या आहेत, त्याचे श्रेय याच सामान्य कामांना द्यावे लागेल.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे आहे. तेथील न्यू डंजनेस हे दीपगृह १८५७ चे असून वाळूच्या एका लांबलचक पट्ट्याच्या टोकाला वसले आहे. १९९४ मध्ये तटरक्षक दलाने तेथील कर्मचारी काढून घेतले. वास्तू ओस पडणार हे लक्षात घेऊन स्थानिक नागरिकांनी संघटना स्थापन केली. तेव्हापासून स्वयंसेवक कुटुंबे आठवड्या-आठवड्याच्या पाळीने तेथे राहतात, पितळी भाग घासतात, हिरवळ राखतात आणि येणाऱ्यांना वास्तूची माहिती सांगतात.

या दोन्ही प्रयोगांत काही बाबी समान आहेत. काम लहान आहे, पण रोजचे आहे. मुदत ठरलेली आहे, म्हणून कोणावर आयुष्यभराचा बोजा पडत नाही. एकाची पाळी संपते तेव्हा दुसरा हजर असतो आणि नोंदवही हातोहात पुढे जाते. मालकी व मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी शासनाकडे किंवा संस्थेकडेच राहते. स्वयंसेवक हा वास्तूचा मालक नव्हे आणि गवंडीही नव्हे, ही मर्यादा दोन्हीकडे स्पष्ट आहे.

भारतात दीपगृहांचा कारभार केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतो. १९२७ च्या दीपगृह अधिनियमाची जागा २०२१ च्या नव्या कायद्याने घेतली. शैक्षणिक, सांस्कृतिक व पर्यटनविषयक उपयोगासाठी एखाद्या दीपगृहाला वारसा दीपगृह म्हणून घोषित करण्याची तरतूद या कायद्यात आहे.

दांपत्यच का?

एकट्या माणसापेक्षा दोघांच्या हाती काम सोपविण्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. शिडीवर एक चढला तर शिडी धरावयास दुसरा लागतो. एक आजारी पडला तर दुसऱ्यामुळे खंड पडत नाही. एकाच्या नजरेतून सुटलेली भेग दुसऱ्याच्या नजरेस पडते. शिवाय वास्तू जेथे घरासारखी वागविली जाते, तेथे झाडलोटीसाठी आदेशाची वाट पाहिली जात नाही.

येथे एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. जुन्या काळी अनेक दीपगृहांवर नेमणूक व पगार पतीचा असे आणि श्रम मात्र दोघांचे असत. पत्नीचे नाव दप्तरात नसे. आजच्या व्यवस्थेत दोघांचीही नेमणूक नावानिशी होते, दोघांनाही प्रशिक्षण मिळते आणि नोंदवहीत दोघेही लिहितात. आपल्याकडे असा उपक्रम करावयाचा झाल्यास हाच दंडक असावा. पतीने देखरेख करावी व पत्नीने केवळ केर काढावा, अशी विभागणी होऊ नये. महाराष्ट्राला जोडीने केलेल्या सेवेची परंपरा नवी नाही. पुण्यात १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या कार्यात दोघांचाही वाटा बरोबरीचा होता.

शिरूर व दौंडची ठेव

या दोन तालुक्यांत समुद्र नाही. परंतु राखण करावी अशा वास्तूंची वाण नाही. शिरूर तालुक्यात अष्टविनायकांपैकी रांजणगाव आहे आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मृतीशी निगडित असलेले वढू बुद्रुक आहे. दौंड तालुक्याच्या समोर, भीमेच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीत पेडगावचा भुईकोट किल्ला आहे. बहादूरगड या नावाने तो इतिहासात प्रसिद्ध असून आज त्याला धर्मवीरगड म्हणतात. ही स्थळे सर्वांना ठाऊक आहेत. खरी चिंता आहे ती नावाजलेल्या यादीत नसलेल्या वास्तूंची. गावोगावच्या दीपमाळा, पायऱ्यांच्या विहिरी, नदीवरचे घाट, वेशी, वीरगळ आणि जुन्या छावणीची थडगी यांकडे ना यात्रेकरूचे लक्ष जाते, ना निधीचे.

शिरूर म्हणजे घोडनदी येथे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची लष्करी छावणी होती. १८०९ मध्ये तेथे मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या अधिकाऱ्याच्या थडग्याची हकिगत १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नमूद आहे. गावकरी त्यास 'सत्पुरुष' मानीत, थडग्यापाशी ऊद जाळून दिवा लावीत आणि सुगीच्या वेळी धान्याचा पहिला वाटा नैवेद्य म्हणून आणीत, असे त्यात म्हटले आहे. परक्या सैन्याच्या अधिकाऱ्याचे हे थडगे मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनीही दुर्लक्षित नव्हते, याचे कारण सरकारी पहारा हे नव्हते. तेथे नेमाने कोणीतरी जात होते, दिवा लावीत होते, म्हणजेच वास्तू पाहत होते. श्रद्धेने जे घडले, ते विचारपूर्वक घडविता येईल काय, असा प्रश्न आज पंचायतींनी स्वतःस विचारावयास हवा.

राखणदारांची कामे

राखणदार दांपत्याची कामे पाहणे, झाडणे, लिहिणे आणि कळविणे अशी चार प्रकारची आहेत.

रोज एक फेरी घालावी. वास्तूच्या चारही बाजूंनी एकाच दिशेने चालावे व नवे काय दिसते ते पाहावे. पडलेला दगड उचलून नेऊ नये. त्याची जागा लिहून तो तेथेच बाजूला सुरक्षित ठेवावा. आठवड्यातून एकदा पालापाचोळा व कचरा काढावा. पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत की नाहीत, हे पाहावे. झाडण्यासाठी मऊ झाडूच वापरावा.

महिन्यातून एकदा ठरलेल्या चार जागांवरून छायाचित्रे घ्यावीत. जागा व अंतर बदलू नये, म्हणजे मागील छायाचित्राशी तुलना करता येते. भेग आढळल्यास तिच्या दोन्ही टोकांच्या जागा कागदावरील आराखड्यात दाखवाव्यात आणि तिची लांबी मोजून तारखेसह नोंदवावी. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावी. भेग स्थिर असेल तर घाई नसते. वाढत असेल तर त्वरित कळवावे लागते. मोजमापाविना केलेल्या तक्रारीपेक्षा अशा नोंदीला कार्यालयात अधिक वजन येते.

हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. पाऊस कमी असला तरी तो अनेकदा थोड्या वेळात जोराने कोसळतो. म्हणून मृगापूर्वी एकदा आणि परतीचा पाऊस सरल्यावर एकदा अशी वर्षातून दोनदा सविस्तर तपासणी करावी. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत सांध्यांतून उगवलेल्या रोपांकडे विशेष लक्ष द्यावे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, वड व उंबर यांचे बी दीपमाळेच्या दगडी हातांच्या बेचक्यांत पडते. रोप दोन-चार पानांचे असताना चिमटीत धरून मुळासकट निघते. त्याच रोपाला तीन पावसाळे मिळाले की मुळे सांध्यात खोल शिरतात आणि दगड हलवितात. अशा वाढलेल्या झाडाला मात्र ओढू नये. झाडाबरोबर दगड निघून येतो. ते काम जाणकारांवर सोपवावे. चिमटीने होणारे काम तीन वर्षांनी हजारो रुपयांचे होते, यातच रोजच्या देखरेखीचे मोल दिसून येते.

काय करू नये

उत्साहाने केलेली हानी ही दुर्लक्षाने झालेल्या हानीपेक्षा अनेकदा भरून निघण्यास कठीण असते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

जुन्या बांधकामाच्या दरजा सिमेंटने भरू नयेत. पूर्वीचे बांधकाम चुन्याचे आहे. चुना थोडा मऊ असतो व आतील ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट कठीण व घट्ट असते. त्यामुळे ओल आत कोंडते, क्षार साठतात आणि कालांतराने विटांचे व दगडांचे पापुद्रे सुटू लागतात. वरून नीटनेटकी दिसणारी भिंत आतून पोखरली जाते. तीच गोष्ट ऑइलपेंटची. दीपमाळेला वा कोरीव खांबांना तैलरंग फासला की कोरीवकाम बुजते आणि दगडाचा श्वास कोंडतो. आम्ल लावून किंवा तारेच्या ब्रशाने घासून दगड उजळविण्याचा मोहही टाळावा. मूर्तीवर पिढ्यान्पिढ्या चढलेले शेंदराचे लेप परस्पर खरवडू नयेत. त्यात श्रद्धेचा प्रश्न आहे आणि शास्त्राचाही. वीरगळ वा शिलालेख 'सुरक्षित जागी' हलवू नयेत. जागेपासून तुटलेला दगड आपला निम्मा इतिहास गमावतो.

कायदा आणि पंचायत

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी वास्तू कोणाच्या ताब्यात आहे याची खात्री करावी. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके १९५८ च्या केंद्रीय अधिनियमान्वये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. त्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत बांधकाम नियंत्रित आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्र अधिनियम असून त्यांची व्यवस्था राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. देवस्थान नोंदणीकृत असल्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली विश्वस्त जबाबदार असतात. जमिनीत नाणी वा दागिने सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. हे राखणदारांना आधीच समजावून सांगावे.

राज्य संरक्षित स्मारकांच्या पालकत्वासाठी २००७ पासून 'महाराष्ट्र वैभव' ही संगोपन योजना आहे. परंतु गावातील बहुसंख्य लहान वास्तू कोणत्याच संरक्षित यादीत नसतात. तेथे ग्रामपंचायतीचा पुढाकार निर्णायक ठरतो. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कार्य आणि सामूहिक मत्तेची निगा हे दोन्ही विषय पंचायतींसाठी नमूद आहेत. आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे तर प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानाच्या ५१क अनुच्छेदात सांगितले आहे.

पंचायतीने करावयाचे काम अवघड नाही. प्रथम गावातील जुन्या वास्तूंची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. त्यांतून एकच वास्तू निवडावी. आरंभी अनेकांचा हव्यास धरू नये. मालक, विश्वस्त किंवा संबंधित कार्यालय यांची लेखी संमती घ्यावी. स्वेच्छेने पुढे आलेल्या दांपत्याची एका वर्षासाठी ठरावाने नेमणूक करावी आणि ठरावात दोघांची नावे, कामे व मर्यादा स्पष्ट लिहाव्यात. नोंदवही पंचायतीने पुरवावी व ती पंचायतीची मालमत्ता राहील असे ठरवावे. सेवानिवृत्त शिक्षक, माजी सैनिक व त्यांच्या पत्नी यांना असे काम रुचण्याजोगे आहे. मात्र गावात ज्यांना नाही म्हणणे जड जाते अशांच्या माथी ते मारले जाऊ नये. जेथे पूर्ण वेळेचा पहारेकरी आवश्यक आहे, तेथे स्वयंसेवकांच्या नावाखाली त्याची जागा रिकामी ठेवणेही योग्य नव्हे. स्वेच्छासेवा ही वेतनी कामाला पूरक असते. तिचा पर्याय म्हणून उपयोग झाला की सेवाभाव लवकरच आटतो.

शिक्षकांना या उपक्रमात स्वतंत्र स्थान आहे. वास्तूचा आराखडा काढणे, दीपमाळेची उंची सावलीवरून मोजणे आणि वृद्धांकडून तिच्याविषयीच्या आठवणी टिपून घेणे ही कामे इतिहास, भूमिती व भाषा या तिन्ही विषयांचे उत्तम पाठ ठरतील. मुलांना वास्तूवर चढू देऊ नये. पण राखणदारांची नोंदवही वाचू द्यावी.

पत्राला उत्तर

या योजनेचे यश अखेरीस एका लहानशा गोष्टीवर अवलंबून आहे. राखणदार दांपत्य भेग मोजील, छायाचित्र काढील आणि पत्र लिहील. त्या पत्राचे पुढे काय होते? उत्तर आले नाही तर ती दोघे दुसरे पत्र लिहितील, कदाचित तिसरेही. चौथे लिहिणार नाहीत. मग फेरी बंद पडेल, वही फडताळात जाईल आणि वास्तू पूर्वीसारखीच निराधार होईल. निधी नसणे ही अडचण समजण्याजोगी आहे. परंतु 'आपली नोंद मिळाली, पाहणी अमुक महिन्यात होईल' असे दोन ओळींचे उत्तर देण्यास निधी लागत नाही. तालुका पातळीवर अशा पत्रांसाठी एक अधिकारी नेमून द्यावा आणि वर्षातून एकदा त्याने नोंदवहीवर प्रत्यक्ष पाहणी करून सही करावी. तेवढ्यानेही राखणदारांना आपल्या श्रमाचा मान राखला गेल्याचे समाधान मिळेल.

दीपगृहाच्या राखणदाराला त्याच्या प्रकाशाने वाचलेली माणसे बहुधा कधीच भेटत नसत. गावची दीपमाळ सांभाळणाऱ्यांनाही आणखी शंभर वर्षांनी तिच्यावर दिवे लावणारे हात दिसणार नाहीत. तरीही ते हात तेथवर पोहोचावेत यासाठी आज कोणीतरी रोज एक फेरी घातली पाहिजे. शिरूर व दौंड तालुक्यांतील प्रत्येक ग्रामसभेने या वर्षी निदान एका वास्तूसाठी अशा दोघांची नावे ठरावात लिहिली, तरी या कामाचा पाया पक्का होईल.